अप्पा गेले त्याला काल महिना झाला

अप्पांची निधनवार्ता पेपरला द्यायची होती, तेव्हा चुलतभावाने मजकूर तयार करून व्हॉट्सॲपवर पाठवला. 'सेवानिवृत्त दूरसंचार कर्मचारी. अल्पशा आजाराने निधन. मृत्यूसमयी ते ६७ वर्षांचे होते. अत्यंत कष्टाळू, मनमिळाऊ व कुटुंबवत्सल स्वभावाचे म्हणून परिचित. पश्चात पत्नी, दोन मुली, एक मुलगा, सून, जावई, नातवंडे असा परिवार.' त्यात खोटं काहीच नव्हतं. मी लगेच 'ठीक आहे, दे' असं लिहून टाकलं. घरात माणसं होती, चहा चालला होता, दुसरं काही सुचण्यासारखी वेळ नव्हती.

काल महिना झाला म्हणून ते कात्रण पुन्हा काढून वाचलं आणि 'कुटुंबवत्सल' या शब्दावर अडकले. कारण लहानपणी आम्हा तिघांची अप्पांबद्दल एकच तक्रार होती, की ते घरी नसतात. मग ज्याची मुलं बाप घरी नसतो म्हणून रडली, त्या माणसाला आम्ही सगळे इतक्या सहज आणि इतक्या मनापासून कुटुंबवत्सल का म्हणतो? दोन दिवस डोक्यात हेच चाललंय. म्हणून लिहितेय. लांब होईल, पण होऊ दे.

अप्पांचा जन्म १९५८चा, औसा तालुक्यातल्या कोरडवाहू गावातला. ७२च्या दुष्काळात ते चौदा वर्षांचे होते. शाळा सुटली आणि आजीच्या बरोबरीने रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बसले. पुढे ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा झाला. जिल्हा झाला की कचेऱ्या आल्या, कचेऱ्या आल्या की टेलिफोन आले, आणि टेलिफोन यायचा तर आधी जमिनीत केबल जायला हवी. त्या केबलीचे चर खणायला जी माणसं रोजंदारीवर घेतली, त्यांत अप्पा होते. 'मस्टरवर लागलो' असं ते सांगायचे. तेव्हा डाक-तार एकच खातं होतं. १९८५ मध्ये टपाल आणि दूरसंचार वेगळे झाले. ऑक्टोबर १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डाक-तारच्या रोजंदारी मजुरांच्या बाजूने निकाल दिला आणि वर्षाहून जास्त काम केलेल्यांना सामावून घेण्याची योजना करायला सांगितलं. त्या योजनेतून ऑक्टोबर १९८९ पासून टेम्पररी स्टेटस मिळू लागलं. अप्पा 'टीएसएम', म्हणजे टेम्पररी स्टेटस मजदूर, झाले. त्या दिवशी त्यांनी पेढे आणले नाहीत, आईसाठी स्टीलची कळशी आणली. ती अजून वापरात आहे. न्यायालयाचा निकाल आमच्या घरात कळशी होऊन आला, असं मला नेहमी वाटतं.

चर खणता खणता ते एका म्हाताऱ्या जॉइंटरच्या हाताखाली हेल्पर झाले आणि त्यांना सामान देता देता काम शिकले. जॉइंटर म्हणजे केबल जोडणारा. जुन्या केबलींना बाहेरून शिशाचं आवरण असायचं आणि आतल्या प्रत्येक तांब्याच्या तारेला कागद गुंडाळलेला असायचा. त्या कागदाला ओल लागली की संपलं, लाइनीवर घरघर सुरू. म्हणून खड्ड्यावर ताडपत्रीचा तंबू ठोकायचा, घामाचा थेंबसुद्धा पडू द्यायचा नाही, एकेक तार पीळ देऊन जोडायची, वर कागदाची नळी सरकवायची आणि शेवटी ब्लो लॅम्पने शिसं तापवून, फडक्याने हळूहळू फिरवत जोड बंद करायचा. नंतर प्लास्टिकच्या, आत जेली भरलेल्या केबली आल्या. ओलीची भीती गेली, पण ती जेली हाताला अशी चिकटायची की रॉकेलशिवाय निघत नसे. आमच्या अप्पांचा वास म्हणजे रॉकेल, जेली आणि लाइफबॉय साबण. आजही पेट्रोल पंपावर कुणाच्या डब्यात रॉकेलसारखा वास आला की मी मागे वळून बघते.

मी अकरा वर्षांची असेन. शहरात रस्त्याचं काम चालू होतं आणि कुण्या ठेकेदाराच्या जेसीबीने ८०० जोड्यांची केबल तोडली. अप्पा सकाळी गेले ते रात्री दहापर्यंत आले नाहीत, म्हणून आई मला घेऊन डबा द्यायला निघाली. रस्त्याच्या कडेला माझ्या छातीइतका खोल खड्डा, वर ताडपत्री, आत टांगलेला एक बल्ब, आणि त्या उजेडात अप्पा पोत्यावर मांडी घालून बसलेले. समोर तुटलेल्या केबलीची दोन तोंडं. एका फोनला दोन तारांची एक जोडी, म्हणजे ८०० जोड्यांच्या १६०० तारा. इकडच्या १६०० आणि तिकडच्या १६००, अर्धा मिलिमीटर जाडीच्या. मला वाटलं, आता हा गुंता कधीच सुटणार नाही.

अप्पा म्हणाले, "ये आत. हात नको लावू, नुसतं बघ." मग त्यांनी रंग शिकवले. पांढरीबरोबर निळी, पांढरीबरोबर नारिंगी, मग हिरवी, मग तपकिरी, मग राखी. पाच झाल्या की पांढरी बदलून लाल, आणि परत निळीपासून सुरू. लालनंतर काळी, काळीनंतर पिवळी. वीस जोड्यांचा एक जुडगा झाला की त्याला रंगीत दोरा. "गुंता काय बी नसतंय," म्हणाले, "प्रत्येकीचं जोडीदार ठरलेलं हाय. आपण फकस्त गाठ घालून द्यायची." मी रंग ओरडून सांगायचे आणि ते तारा उचलायचे. त्यांना माझी गरज नव्हती, हे आता कळतं. तेव्हा मात्र मी आहे म्हणून लातूरचे टेलिफोन चालू होतायत अशा थाटात मी बसले होते.

मध्येच एका तारेला बोट लागलं आणि त्यांचा हात झटक्याने मागे आला. आई वरून घाबरून ओरडली. अप्पा म्हणाले, "काही न्हाई, रिंग आली." एक्स्चेंजमधून लाइनीवर एरवी ४८ व्होल्ट असतात, ते कोरड्या हाताला कळतही नाहीत. पण घंटी वाजवायला ७५ व्होल्टच्या आसपासचा करंट सोडतात आणि घामेजलेल्या हाताला तो बसतोच. अप्पांनी बोट चोळलं, त्या तारेकडे क्षणभर बघितलं आणि म्हणाले, "कोण तरी कवापासून फोन लावायलंय बघ, आन् लागंना गेलंय. ही आधी जोडू." हातातली रांग सोडून त्यांनी आधी ती जोडी जोडली. रात्री साडेदहा-अकराला कुणी कुणाला फोन लावत होतं ते आम्हाला कधीच कळणार नव्हतं. मला वाटतं, माझे वडील कोण होते हे मला त्या एका जोडीत जितकं समजलं, तितकं नंतर कधीच नाही. त्यांनी डबा उघडला तेव्हा बारा वाजले होते. अर्धी भाकरी मला दिली.

आता घरातलं. पहाटे घरी आले तरी आम्हा दोघी बहिणींच्या वेण्या अप्पाच घालायचे. दिवसभर तारांना पीळ देणारी बोटं, त्यामुळे वेणी अशी घट्ट की शाळा सुटेपर्यंत एक केस हलायचा नाही. आईपेक्षा अप्पांचीच वेणी आम्हाला हवी असायची. तांब्याच्या तारेचा हातभर तुकडासुद्धा त्यांनी कधी घरी आणला नाही. "तांबं सरकारचं, सालं आपली," म्हणायचे. तारा सोलल्यावर पडणारी रंगीत प्लास्टिकची सालं मात्र खिशातून यायची. त्यांचे बारीक तुकडे करून आम्ही दिवाळीत रांगोळी भरायचो. वाऱ्याने उडत नाही आणि पावसाने विरघळत नाही अशी रांगोळी गल्लीत फक्त आमच्या दारात असायची.

पण तक्रारी होत्या आणि त्या खऱ्या होत्या. धाकटा भाऊ झाला तेव्हा अप्पा फॉल्टवर होते. आईला दवाखान्यात शेजारच्या काकूंनी नेलं आणि अप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी चिखलाच्या बुटांनिशी आले. आईने ते आयुष्यभर बोलून दाखवलं, अगदी परवा दवाखान्यातसुद्धा. अप्पांनी कधी सबब सांगितली नाही. "चुकलं माझं," एवढंच. माझ्या गॅदरिंगला ते एकदाही आले नाहीत. ते दुःख मला अजून आहे, आणि आज ते गेले म्हणून मी ते पुसून टाकणार नाही.

आणि किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, सगळं गाव उशिरा झोपलेलं. लातूरमध्ये आमचं घर हललं, भांडी पडली, अप्पांनी तिघांना उचलून बाहेर काढलं. उजाडेपर्यंत बातम्या यायला लागल्या आणि अप्पा निघाले. किल्लारी आमच्यापासून चाळीसेक किलोमीटर. आई आम्हाला घेऊन मोकळ्या मैदानात राहिली, कारण धक्के थांबत नव्हते. वरून पाऊस. सहा दिवस अप्पांचा पत्ता नाही. मी नऊ वर्षांची होते. अशा वेळी बाप पोरांना टाकून जातो का, असं मी आईला विचारलं, आणि आईने काही उत्तर दिलं नाही.

तिथे काय बघितलं ते अप्पांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. एकच गोष्ट त्यांनी आईला सांगितली, ती मी अंथरुणात जागी राहून ऐकली. बाहेरगावच्या नातेवाइकांना निरोप द्यायला लाइन ओढून फोन ठेवला होता, समोर रांग. माणसं चिठ्ठ्यांवर नंबर लिहून आणायची. एक म्हातारी बाई आली, तिच्या मुलाचा पुण्याचा नंबर लागला, आणि रिसीव्हर कानाला लावून ती नुसती उभी. तोंडातून शब्द फुटेना. पलीकडून मुलगा हॅलो हॅलो करत रडत होता. अप्पांनी रिसीव्हर घेतला आणि म्हणाले, "तुमची आई हाय. तिला बोलता येईना गेलंय. पण माझ्यासमोर उभी हाय." मग बराच वेळ ते फक्त 'हो, उभी हाय, हो, उभी हाय' एवढंच म्हणत राहिले.

सहाव्या रात्री ते परत आले तेव्हा आम्ही मैदानातच झोपलो होतो. मला जाग होती. त्यांनी अंधारात आमच्या तिघांच्या डोक्यांना एकेक करून हात लावला आणि पुटपुटले, "एक, दोन, तीन." मग पुन्हा एकदा मोजलं. मग आईच्या पायाशी बसले आणि बसल्या जागीच झोपले.

भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसली. त्यातल्या कितीतरी गावांना फोन पोचवायला अप्पा पुढची काही वर्षं फिरत होते. आमच्या स्वतःच्या घरात फोन आला १९९६ मध्ये. आला तो गल्लीचाच झाला. आजच्या पोरांना 'पी.पी. नंबर' काय ते सांगूनही कळणार नाही. लग्नपत्रिकेवर, रेशनच्या अर्जावर, मुलाच्या नोकरीच्या अर्जावर लोक शेजाऱ्याचा नंबर द्यायचे आणि पुढे कंसात पी.पी. लिहायचे. आमचा नंबर असा किती घरांचा होता ते मोजलेलं नाही. फोन वाजला की अप्पांची हाक, "पळ, तेंला बोलावून आण. फोन चालू हाय, पैसे पडायलेत तेंचे." मी दहावीचा अभ्यास सोडून गल्लीच्या टोकापर्यंत धावायचे आणि चिडायचे. एकदा पलीकडच्या गल्लीतल्या मुलीला सासरी त्रास होत होता, ती दुपारी गुपचूप आमच्याकडे फोन करायची. अप्पा तिच्या आईला बोलावून आणायचे, आम्हा सगळ्यांना घराबाहेर काढायचे आणि स्वतः उन्हात पायरीवर बसून राहायचे, म्हणजे कुणी आत जाऊ नये.

दूरसंचार क्रांती म्हटलं की सॅम पित्रोदा आठवतात, १९८४ मध्ये सुरू झालेलं सी-डॉट हे सरकारी दूरसंचार संशोधन केंद्र आठवतं, त्यांनी बनवलेली १२८ लाइनींची खेड्यांसाठीची एक्स्चेंज, रस्त्यारस्त्यावरचे पिवळे एसटीडी बूथ. आठवायलाच हवेत, अप्पा स्वतः पित्रोदांचं नाव फार आदराने घ्यायचे. धुळीत, उन्हात, एसीशिवाय चालणारी एक्स्चेंज आपल्या माणसांनी बनवली, याचा त्यांना केवढा अभिमान. पण माझं म्हणणं आहे की त्या एक्स्चेंजपासून माझ्या-तुमच्या घरापर्यंतचं अंतर कुणी तरी जमिनीत बसून जोडलं. जेवढ्या जोड्या जमिनीखाली गेल्या, तेवढ्या वेळा एका माणसाने दोन तारा बोटांत धरून पीळ दिला आहे. ही माणसं क्रांतीच्या गोष्टीत येत नाहीत. निधनवार्तेत येतात, एका ओळीत.

१ ऑक्टोबर २००० ला खात्याचं बीएसएनएल झालं. पुढे मोबाइल हातोहाती गेले, घराघरातले लँडलाइन लोक परत करू लागले. अप्पा ज्या केबलींवर रात्र रात्र बसले, त्या एकेक करून मुक्या होत गेल्या. त्यांनी त्याबद्दल कधी कडवट शब्द काढला नाही. "लोकांना बोलायला मिळायलंय ना," म्हणायचे. तारसेवा, म्हणजे टेलिग्राम, बंद झाली तो दिवस मात्र त्यांनी मनाला लावून घेतला. १४ जुलै २०१३, रविवार. अप्पा सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तार ऑफिसला गेले, रांगेत उभे राहिले आणि आम्हा तिघांना तीन तारा केल्या. मला पुण्यात मिळाली. मजकूर एवढाच: सगळे खुशाल आहोत, काळजी करू नये, अप्पा. मी फोन करून विचारलं की कालच तर बोललो, मग तार कशाला? म्हणाले, "आपल्या गावाकडं तार आली की बायका वाचायच्या आधी रडायच्या. जन्मभर वाईट बातम्या नेल्या तिनं. शेवटची चांगली जाऊ दे." तो कागद माझ्याकडे आहे. मला जर कुणी विचारलं की वडिलांनी तुला काय दिलं, तर मी तो दाखवीन.

२०१८ मध्ये ते निवृत्त झाले. दोन वर्षांनी, जानेवारी २०२० च्या अखेरीला, बीएसएनएलचे देशभरातले ७८ हजारांवर कर्मचारी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. त्या संध्याकाळी अप्पा वही घेऊन लँडलाइनपाशी बसले आणि जुन्या सोबत्यांना एकेकाला फोन लावत राहिले. जेवायला उठले नाहीत.

एक प्रसंग सांगायचाच आहे. लॉकडाउनच्या काळात आई-अप्पा आमच्याकडे पुण्याला होते. मुलीची ऑनलाइन शाळा चालू आणि नेट गेलं. फायबरचा मुलगा आला, विशीतला असेल. त्याला आमच्या इमारतीत लिफ्ट वापरू देईनात. अप्पा त्याच्याबरोबर पाच मजले जिन्याने उतरले. गेटजवळच्या खांबाशी तो मुलगा ते छोटं मशीन मांडून बसला आणि केसाएवढी काचेची तार सोलून, पुसून, दोन टोकं मशीनमध्ये ठेवली. छोट्या पडद्यावर दोन टोकं जवळ आली, एक ठिणगी, आणि काच एक झाली. अप्पा त्याच्या शेजारी जमिनीवर बसले होते. किती वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरा, हितं उजेड बोलतो व्हय." त्या मुलाने दुसरा जोड त्यांच्याकडून करून घेतला. ६३ व्या वर्षी अप्पांनी काच जोडली, आणि त्या दिवशी घरात ते तेवढंच सांगत होते.

खांबावर चढायची वेळ आली तेव्हा अप्पांनी विचारलं, "बेल्ट कुठाय?" नव्हता. हातमोजे नव्हते, शिडीला तळाशी रबर नव्हतं. दिवसाला किती घरं, पगार कोण देतो, पीएफ कापतात का, हे सगळं त्यांनी विचारून घेतलं. तो म्हणाला, "काका, आम्ही कंपनीचे नाही, ठेकेदाराचे." अप्पांना तो शब्द ओळखीचा होता. तेही सात वर्षं कुणाचेच नव्हते. ते खाली शिडी धरून उभे राहिले, तो उतरेपर्यंत. पुढच्या वेळी लातूरहून येताना स्वतःचा जुना सेफ्टी बेल्ट घेऊन आले आणि त्याला शोधून दिला.

आज माझ्या घरी येणाऱ्या प्रत्येक फायबरवाल्या मुलाला मी बेल्टचं विचारते. तुम्हीही विचारा. पाणी द्या, लिफ्ट वापरू द्या, शिडी धरा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय काढा. मी काढला आणि आमच्याकडे नियम बदलला. अप्पांच्या वेळी निदान लढायला युनियन होती, न्यायालयात जायला कुणी तरी होतं. या मुलांसाठी कोण जाणार आहे, हे मला खरंच माहीत करून घ्यायचं आहे. कुणी या क्षेत्रात कामगारांसाठी काम करत असेल तर मला लिहा, मी माझ्यापरीने बरोबर येईन.

आणि तो शब्द, कुटुंबवत्सल. त्या खड्ड्यातली ती एक जोडी, मैदानातलं ते 'एक, दोन, तीन', उन्हातली पायरी, हे सगळं एकाच माणसाचं आहे आणि त्यातलं घरचं कुठलं, कामाचं कुठलं, हे मला वेगळं काढता येत नाही. आईला येतं. ती म्हणते, "कामाचं जास्त होतं." तिचा तो हक्क आहे.

शेवटची एक विनंती, आणि खरं तर त्यासाठीच ही पोस्ट. भिंतीवर लावायला फोटो शोधत होतो, तेव्हा लक्षात आलं की अप्पांचा काम करतानाचा एकही फोटो आमच्याकडे नाही. लग्नाचा आहे, ओळखपत्राचा आहे, निरोप समारंभातला हार घातलेला आहे. खड्ड्यातला नाही. १९८२ ते २०१८ या काळात लातूर, औसा, निलंगा, उमरगा भागात केबलीच्या कामाचे फोटो कुणी काढले असतील, कुणाच्या वडिलांच्या जुन्या अल्बममध्ये असतील, भूकंपाच्या वेळच्या फोटोंत मागे कुठे ताडपत्रीचा तंबू आणि केबलीचं भेंडोळं दिसत असेल, तर मला पाठवा. अस्पष्ट असला तरी चालेल. तोंड दिसत नसलं तरी चालेल, केबल जोडणारा माणूस रस्त्यावरून पाठमोराच दिसतो. मी डबा घेऊन खड्ड्याच्या काठावर उभी राहिलेली आहे. पाठ मला ओळखता येईल.